स्पीडब्रेकर आला की उतरायचं

हिरो हे नाव त्याला कॉलेजात पडलं. तेव्हा तो दिसायला तसा होताही. आता पन्नाशीकडे झुकला होता, बाथरूमच्या टाइल्सचं दुकान चालवत होता, केसांना नेमानं रंग लावत होता, तरी नाव चिकटलं ते चिकटलंच. त्याची आईसुद्धा चारचौघांत "आमचा हिरो" असंच म्हणायची.

त्याची बायको एका लॅबमध्ये कामाला होती. रक्त, लघवी, थुंकी, शौच असल्या नमुन्यांच्या डब्या दिवसभर उघडायच्या, काचपट्ट्या करायच्या, सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या. नव्यानं आलेल्या मुली पहिल्या आठवड्यात तोंडावर हात दाबून बाहेर पळायच्या. ही हात धुऊन शेजारच्याच खोलीत बसून पोटभर जेवायची. "माणसातून निघतं ते माणसाचंच," ती म्हणायची. "त्याला काय नाक मुरडायचं?" लग्नाला वीस वर्षं होऊन गेली होती, पण तिला कशाची किळस आलेली घरात कुणी पाहिली नव्हती. सासूबाई तर कौतुकानं आणि थोड्या कुत्सितपणानं सांगत, "हिला नाकच नाही."

मग गाडी आली.

दोनच माणसांची, पिवळीधमक, छत मागे दुमडणारी स्पोर्ट्स कार. कुणा हौशी तरुणानं वापरून विकायला काढलेली. हिरो बघायला म्हणून गेला आणि चालवत घेऊन आला. जुनी गाडी, जिच्यात सासूबाई, सामान, पाहुणे, सगळं मावायचं, ती बदल्यात देऊन टाकली. दुकानाच्या नावावर मालाच्या दोन गाड्या आधीच होत्या, म्हणून कराच्या कसल्याशा सोयीसाठी ही नवी गाडी बायकोच्या नावावर घेतली. सह्या करताना तिनं विचारलंही नाही. हौसेला मोल नसतं, तशी समजही नसते, हे तिला ठाऊक होतं.

"किती हलकी आहे माहितीय का?" हिरो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. "चौघांनी मनावर घेतलं तर उचलून फुटपाथवर ठेवतील."

हलकी होती आणि बुटकीही होती. जमिनीला अशी चिकटलेली, की खालून मांजर जायचं म्हटलं तर त्याला पोट आत घ्यावं लागलं असतं.

पहिल्याच दिवशी तो तिला लॅबला सोडायला निघाला. बेकरीच्या कोपऱ्यावर पहिला स्पीडब्रेकर आला. हिरोनं गाडी थांबवली, मान बाहेर काढून अंदाज घेतला आणि म्हणाला, "उतर जरा."

"का?"

"अगं, गाडी हलकी आहे ना. तू बसलीस की खाली दबते. घासेल."

ती हसली. उतरली. हिरोनं गाडी तिरकी केली आणि एकेक चाक अलगद चढवून उतरवली. ती चालत पलीकडे गेली आणि परत बसली. बेकरीवाला दारात उभा राहून बघत होता, त्यालाही मजा वाटली. "धक्का मारू का, बाई?" त्यानं विचारलं.

पुढे शाळेजवळ पुन्हा, मग बाजारात पुन्हा. लॅबच्या फाटकाशी चढ होता, तिथं तर ती स्वतःच उतरली आणि आत निघून गेली.

महिनाभरात त्याचं "उतर जरा" सुद्धा बंद झालं. स्पीडब्रेकर दिसला की तो नुसती हनुवटी हलवायचा. आणि नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात तसं, शिव्या मात्र रस्त्याला घालायचा. "कुणी बांधले हे उंचवटे? डोकी आहेत का खोकी?" घरी आला की फरशीवर गाल टेकवून मोबाइलच्या उजेडात गाडीचं पोट तपासायचा. कुठं ओरखडा सापडला तर त्यावरून बोट फिरवत "अरे रे रे" करायचा. एकदा तिला चांगलाच ताप होता. ती गाडीला टेकून उभी राहिली, तर तो खालूनच ओरडला, "टेकू नको, टेकू नको!"

तिला राग यायचा. पण राग हा तिच्या सवयीचा होता. आला तसा जायचा. किळस आली ती बाजारात.

मासळीच्या दुकानासमोरचा स्पीडब्रेकर. त्या दिवशी गटार तुंबून वर आलं होतं. खवले, पिसं, कुजका पाला, वर काळं पाणी. हिरोनं हनुवटी हलवली.

"इथं? खाली बघ की काय आहे."

"दोन पावलं टाक आणि पलीकडे जा. मागे लोक हॉर्न मारताहेत."

ती उतरली. पाय घोट्यापर्यंत आत गेला. पलीकडे पोचून तिनं दार उघडलं, तेव्हा सीटसमोरच्या मॅटवर वर्तमानपत्र अंथरलेलं होतं. नीट, कोपरे दुमडून.

"पाय पुसून बस," हिरो म्हणाला. "मॅट नवी आहे."

म्हणजे पेपर त्यानं आधीच गाडीत आणून ठेवला होता. आज ना उद्या बायकोला घाणीत उतरवावं लागेल हे त्याच्या ध्यानात आलं होतं, आणि त्यावर त्यानं मॅटची सोय केली होती. तिच्या पायाला जी घाण लागली होती तिचं तिला काहीच वाटलं नाही. असली घाण ती रोज डब्यांत बघत होती. पण त्या दुमडलेल्या कोपऱ्यांकडे बघून तिच्या घशाशी आंबट पाणी आलं. ती दार लावून बसस्टॉपकडे चालू लागली.

त्या दिवसापासून ती बसनं जाऊ लागली. हिरोला वाईट वाटेल असं तिला उगाचच वाटलं होतं. तो म्हणाला, "बरंच झालं. एकटा असलो की गाडी कशी तरंगत जाते."

त्यानंतर काही महिन्यांनी सासूबाईंच्या पोटात दुखू लागलं. पित्ताशयात खडे होते. दुर्बिणीनं काढायचं ठरलं होतं, पण आत सगळं चिघळलेलं निघालं आणि पोट चांगलं वीतभर उघडावं लागलं. आठवडा इस्पितळात गेला. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं: वाकायचं नाही, जिना चढायचा नाही, गाडीत बसताना पोटावर उशी धरायची, धक्के बसू द्यायचे नाहीत.

नेमकं त्या दिवशी लॅबमध्ये तपासणीचं पथक येणार होतं. ती हिरोला म्हणाली, "मोठी टॅक्सी सांग. मागच्या सीटवर आडवं होता येईल अशी."

"आई माझी आहे," हिरो म्हणाला. "तू काळजी करू नको. मी आणतो."

पथक लवकर आटोपलं. दुपारी ती बसनं घरी निघाली. शाळेजवळ वाहनं तुंबली होती. बसमधले लोक खिडकीतून बघून हसत होते, कुणी मोबाइलवर चित्रण करत होतं. तिनंही वाकून पाहिलं.

पिवळी गाडी स्पीडब्रेकरवर अडकली होती. पुढची चाकं पलीकडे, मागची अलीकडे, पोट मध्ये टेकलेलं. हिरो गुडघ्यावर बसून खाली डोकं घालून होता. आणि रस्त्याच्या कडेला, दिव्याच्या खांबाला एका हातानं धरून सासूबाई उभ्या होत्या. पायात इस्पितळातल्या कागदी सपाता, दुसऱ्या हातानं उशी पोटावर दाबलेली. त्या उभ्या उभ्या ओकत होत्या. प्रत्येक उबळीला उशी आणखी घट्ट दाबत होत्या.

ती बसमधून कशी उतरली ते तिलाही आठवत नाही. तिनं सासूबाईंना मागून धरलं, कपाळ दाबलं, ओढणीनं तोंड पुसलं.

"आई, तुम्ही उतरलात कशाला?"

"त्यानं सांगितलं." सासूबाईंना दम लागला होता. "दोनच मिनिटं म्हणाला. बाजारात उतरले तेव्हा काही झालं नाही गं. इथंच जरा गरगरलं."

"बाजारातही उतरवलं?"

"माझंच वजन वाढलंय," सासूबाई म्हणाल्या. "त्याची गाडी नाजूक आहे."

तिनं हिरोला हाक मारली. त्यानं मान वर काढली. कपाळाला धूळ लागलेली, डोळे पाणावलेले. क्षणभर तिला वाटलं, याला कळलं.

"सायलेन्सर गेला बहुतेक," तो म्हणाला.

तिनं टॅक्सी थांबवली. सासूबाईंना मागच्या सीटवर आडवं केलं आणि त्यांचं डोकं मांडीवर घेऊन घरी आणलं. पट्टी सोडून पाहिली. एका टाक्यातून पातळ रक्त आलं होतं. तिनं डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले ते केलं, जखम स्वच्छ केली, कपडे बदलले. सासूबाई डोळे मिटून पडून होत्या. मध्येच म्हणाल्या, "त्याला काही बोलू नकोस. तो घाबरला असेल."

हिरो तासाभरानं आला. चपला काढता काढता म्हणाला, "सायलेन्सर वाचला. पण पुढच्या बंपरखालची पट्टी पार गेली गं. आता ती मिळणार कुठं?"

मग बेसिनवर हात धुऊन त्यानं विचारलं, "जेवायला काय आहे?"

तिनं वाढलं. समोर बसली. तो जेवू लागला. नेहमीसारखाच: घास मोठा, ओठ चिकटलेले, दोन घासांमध्ये जिभेनं दात चाचपणं. वीस वर्षं तिनं हे रोज पाहिलं होतं. आज त्याच्या हनुवटीवरचा तेलाचा थेंब, कानामागे लागलेला केसांचा रंग, चावताना हलणारा गळा, सगळं तिच्या अंगावर सरपटत आल्यासारखं झालं. ती उठली, मोरीत गेली आणि भडभडून ओकली. तोंड धुऊन आरशात पाहिलं तर स्वतःचा चेहरा ओळखू येईना. लॅबमधल्या नव्या मुलींचा असायचा, तसा झाला होता.

"काय झालं?" हिरोनं बाहेरून विचारलं. "बसमध्ये काही खाल्लंस का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं लॅबला रजा कळवली, शेजारच्या काकूंना सासूबाईंपाशी बसवलं आणि खुंटीवरची किल्ली घेतली. हिरो मालाच्या गाडीतून दुकानात गेला होता. पिवळीला तो आता पट्टी मिळेपर्यंत बाहेर काढणार नव्हता. जुनी गाडी तीही चालवायची. ती पिवळीत बसली आणि सरळ मिस्त्रीच्या गॅरेजवर गेली. वाटेत दोनदा खरवडल्याचा आवाज आला. तिनं वेगही कमी केला नाही.

मिस्त्री म्हणजे साठीचा, बोलका, पानाचा डबा जवळ बाळगणारा माणूस. हिरोच्या सगळ्या गाड्या त्याच्याच हाताखालून गेलेल्या.

"उंच करायची," ती म्हणाली. "होते का?"

"न व्हायला काय झालं?" मिस्त्रीनं गाडी वर उचलली आणि चाकामागची स्प्रिंग दाखवली. "ही बघा ताई. ही कंपनीची नव्हे. आधीच्या मालकानं आखूड स्प्रिंगा टाकून गाडी खाली बसवली, दिसायला झकास दिसावी म्हणून. मूळच्या स्प्रिंगा गाडीबरोबरच आल्या होत्या, त्या इथंच पडल्यात माझ्याकडे."

त्यानं मागच्या फळीवरून एक खोकं ओढून काढलं. आतली स्प्रिंग गाडीतल्या स्प्रिंगपेक्षा चार बोटं उंच होती.

"या परत बसवायच्या. वर एकेक जाड रबरी चकती देतो, आपल्या रस्त्यांसाठी. काही जण स्प्रिंगच्या वेढ्यांतच रबराचे गोळे कोंबतात. ते नको, हलकी गाडी वळणावर दगा देते. मग चाकांचा कोन नव्यानं लावायचा, नाहीतर टायर एकाच कडेनं झिजतील. आणि दिव्यांची तोंडं जरा खाली करायची. संध्याकाळपर्यंत तयार."

"इतकंच?"

"इतकंच. साहेबांना मी गाडी आली त्याच आठवड्यात म्हणालो होतो."

ती खोक्याकडे बघत होती. तिनं मान वर केली. "काय म्हणाले?"

मिस्त्रीला बोलून गेल्याचा पश्चात्ताप झालेला दिसला. त्यानं पानाचा डबा उघडला, परत मिटला. "म्हणाले, नको. जीपसारखी दिसेल."

"आणि स्पीडब्रेकरचं?"

"ते मीही विचारलं, पुढच्या खेपेला." मिस्त्री दुसरीकडे बघत म्हणाला. "म्हणाले, घरच्यांना आता सवय झालीय."

तिनं वर पाहिलं. वर उचललेल्या गाडीच्या पोटावर वाळलेला चिखल होता, पिसं होती, कुठल्याशा पिशवीचा वितळून चिकटलेला तुकडा होता. असं काही बघितलं की ती एरवी पटकन हातमोजे चढवायची. आता तिला तिथं उभंही राहवेना.

"कामाला लागा," ती म्हणाली.

"ताई, साहेबांना एक फोन करतो. नंतर माझ्यावर नको."

"खुशाल करा. पण गाडी कागदावर माझी आहे, हेही सांगा."

हिरो आला तोपर्यंत चारही चाकं निघाली होती आणि पुढच्या दोन नव्या, म्हणजे जुन्याच, स्प्रिंगा बसल्या होत्या. तो दारातच थबकला.

"कुणाला विचारून?"

"कुणाला विचारायचं होतं?"

"अगं, तुला गाडीतलं काय कळतं? सगळी रेषा बिघडली तिची!" तो भोवती फिरू लागला. मागची चाकंही चढली, मिस्त्रीनं गाडी खाली सोडली, आणि ती आपल्या पायांवर उभी राहिली. चाक आणि पत्रा यांच्यात आता मूठ मावेल एवढी फट होती. हिरोचा चेहरा वेडावाकडा झाला. नाकपुड्या वर गेल्या, वरचा ओठ आक्रसला. "शी! ही काय दिसतेय! चिखलातून जाताना परकर वर धरल्यासारखी. मी या गाडीत लोकांसमोर बसू?"

"हे तोंड काल करायचं होतंस," ती म्हणाली. "आई खांबाला धरून ओकत होत्या तेव्हा."

"आईचं कुठं आणतेस मध्ये? तिची काही तक्रार आहे का? विचार जाऊन!"

"त्यांची नसणारच. तू त्यांचा हिरो आहेस."

"दोन मिनिटांचा प्रश्न होता!"

"अर्ध्या दिवसाचा होता," ती म्हणाली. "या खोक्यातला. आणि तुला माहीत होता."

हिरोनं मिस्त्रीकडे पाहिलं. मिस्त्री पाना घेऊन गाडीखाली सरकला. आता ती सगळं काढणार, ओरडणार, रडणार असं समजून हिरोनं हात वर करून सुरुवात केली, "हे बघ, प्रत्येक गोष्टीला—" पण ती ऐकायला थांबली नाही. त्याच्या अंगाला घासून जावं लागू नये म्हणून ती टायरच्या ढिगाला वळसा घालून बाहेर गेली आणि चाकांचा कोन लागेपर्यंत रस्त्यावरच्या बाकड्यावर बसून राहिली. तो कधी निघून गेला ते तिनं पाहिलं नाही.

पुढच्या आठवड्यात सासूबाईंचे टाके काढायचे होते. तीच त्यांना घेऊन गेली, त्याच गाडीतून. आता आत बसायला पूर्वीइतकं वाकावं लागत नव्हतं. बेकरीचा कोपरा आला आणि सासूबाईंनी दाराच्या कडीला हात घातला.

"बसा, आई."

गाडी स्पीडब्रेकरवर चढली, उतरली. खालून कसला आवाज आला नाही. सासूबाई उशी कवटाळून वाट बघत राहिल्या, मग त्यांनी मागे वळून बघितलं.

"झालं?"

"झालं."

शाळेचा उंचवटाही गेला. जरा वेळानं सासूबाईंनी विचारलं, "हे आधी करता येत नव्हतं का गं?"

"येत होतं."

"त्याला ठाऊक नसेल."

खोटं बोलावं असं तिच्या मनात आलं. म्हातारीची जखम अजून ओली होती. पण कागदी सपातांतले ते पाय तिला दिसले आणि जीभ वळली नाही. "ठाऊक होतं, आई. मिस्त्रीनं पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं. दिसायला चांगली दिसणार नाही म्हणून नको म्हणाला."

सासूबाई समोर बघत राहिल्या. त्यांचे ओठ हलले, बहुतेक नेहमीप्रमाणे त्याच्या बाजूनं काहीतरी जुळवत असाव्यात. जुळलं नाही. "शी," त्या हळूच म्हणाल्या.

हिरो त्या गाडीत पुन्हा बसला नाही. विकून टाकू म्हणाला. सही तिची लागणार होती, ती तिनं दिली नाही. आता तीच रोज लॅबला गाडी नेते. लॅबमधल्या मुली छत दुमडून फिरवा म्हणतात, ती एकेकीला बसवून चक्कर मारून आणते. हिरो मालाच्या गाडीत ड्रायव्हरशेजारी बसून दुकानात जातो आणि कुणी पिवळीबद्दल विचारलं तर सांगतो, "ती हिची आहे. मला नाही आवडत तसली."

घरात कामापुरतं बोलणं होतं. तो वाईट वागत नाही. तो आधीही कुठं वाईट वागत होता? हसतो, पाहुण्यांत रंगतो, आईच्या खोलीत डोकावून "काय म्हणतेय तब्येत?" विचारतो. ती त्याचं ताट वाढते आणि स्वतः आधी किंवा नंतर जेवते. राग असता तर भांडून संपवला असता, असं तिला कधी कधी वाटतं. हे भांडणानं संपणारं नाही. त्याचा टॉवेल उचलायचा झाला तर ती चिमटीत उचलते.

सासूबाईंची रात्रीची देखभाल करायला म्हणून तिनं आपली गादी त्यांच्या खोलीत नेली होती. जखम भरली. सासूबाई एकट्यानं आंघोळीला जाऊ लागल्या, जिना उतरू लागल्या, काकूंकडे जाऊन बसू लागल्या. गादी तिथंच राहिली. एवढ्या तोंडाळ सासूबाई, पण त्यांनी त्यावर अवाक्षर काढलं नाही. एका रविवारी मात्र त्यांनी आपलं कपाट उघडलं, वरचा कप्पा रिकामा केला, फडक्यानं पुसला आणि म्हणाल्या, "रोज कपडे आणायला त्या खोलीत कशाला जातेस? इथं ठेव."